सुपरव्हिजन किती वर्षे घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.ए., मग एम.फिल. करून तुम्ही आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी घेतलीत आणि गेली तीन वर्षे रावपुऱ्यात स्वतःची खोली घेऊन थेरपिस्ट म्हणून प्रॅक्टिस करता आहात. शिकत असताना ज्या सुपरव्हायझर, म्हणजे तुमच्या केसेस ऐकून मार्गदर्शन करणाऱ्या वरिष्ठ, होत्या त्या निवृत्त होऊन परगावी गेल्या. ओळखीचे एक ज्येष्ठ म्हणाले, "सुपरव्हिजन विद्यार्थ्यांसाठी असते, तुम्ही आता स्थिरावलात." दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दोन दिवसांच्या सर्टिफिकेट कोर्सची जाहिरात येते आणि फी भरावी की नाही हे कळत नाही. शिवाय बडोद्यातली मराठी मंडळी एकमेकांना ओळखणारी, त्यात गोपनीयता सांभाळायची कशी, ही काळजी वेगळीच.

उत्तर आधी देते, कारणे मागून. प्रॅक्टिस चालू आहे तोवर सुपरव्हिजन घ्यायची. तिचे प्रमाण बदलेल, समोरची व्यक्ती बदलेल. पण सेशनमध्ये आपण नेमके काय बोललो, कुठे गप्प बसलो, कुठे घाई केली, हे दुसऱ्या जाणत्या माणसापुढे ठेवणे थांबवायचे नाही. तुमचे बाकीचे दोन्ही प्रश्न माझ्या मते याच्याच पोटातले आहेत. मी बडोद्यातच काम करते, काही धाकट्या सहकाऱ्यांचे काम पाहते आणि माझे काम दुसऱ्या शहरातल्या वरिष्ठांना दाखवते. त्या आधारावर लिहिते आहे.

वर्षे गेली की हात आपोआप सुधारतो, असे आपण धरून चालतो. २०१६ साली सायमन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १७० थेरपिस्टांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. क्लायंट साडेसहा हजारांहून जास्त. अनुभव वाढत गेला तसा परिणाम सरासरीने सुधारला नाही, उलट किंचित खालावला. काही थेरपिस्ट जरूर सुधारले होते, पण ते सरासरीला वर नेण्याइतके नव्हते. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त विचार करायला लावते: अनुभवाबरोबर क्लायंट मध्येच सोडून जाण्याचे प्रमाण कमी झाले होते. म्हणजे माणसाला टिकवून धरायला आपण शिकतो. तो टिकला, पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, तर आपले बरे चालले आहे असे वाटते. बरे त्याला वाटते आहे का, हा प्रश्न मागे राहतो.

आणि तो मागे राहिल्याचे आपल्याला आतून कळत नाही. २००५ च्या एका अभ्यासात थेरपिस्टांना विचारले होते की तुमच्याकडच्या क्लायंटपैकी कोणाची अवस्था उपचारानंतर आधीपेक्षा बिघडलेली असेल. ५५० क्लायंटपैकी प्रत्यक्षात ४० जणांची बिघडली. थेरपिस्टांनी मिळून नावे दिली होती फक्त ३, आणि त्या तिघांतला एकच खरा निघाला. २०१२ साली १२९ व्यावसायिकांना स्वतःचे काम इतरांच्या तुलनेत कुठे बसते ते विचारले, तर एकानेही स्वतःला सरासरीच्या खाली ठेवले नाही. ही माणसे अप्रामाणिक नव्हती. एकाच खोलीत, एकाच खुर्चीत, बंद दाराआड वर्षानुवर्षे बसणाऱ्या कोणाचेही असेच होते. दार बंद ठेवणे आपल्या कामाची अटच आहे, त्यामुळे दुसरी नजर मुद्दाम आत आणावी लागते.

तुमच्या ज्येष्ठांना हे आदराने सांगता येईल. किंवा सांगू नका, तुमच्यापुरते पाळा.

प्रत्यक्षात काय घडते ते दाखवते. पुढचे उदाहरण दोन-तीन प्रसंग मिसळून केले आहे आणि ओळख पटेल अशा सगळ्या खुणा काढून टाकल्या आहेत. एक सहकारी केस घेऊन आला. पन्नाशीच्या बाई, घरात अंथरुणाला खिळलेले सासरे, बाईंना झोप नाही, छातीत धडधड. तो म्हणाला, "रिलॅक्सेशन शिकवलं, दिवसाचं वेळापत्रक करून दिलं, पण घरी काहीच करत नाहीत. सहकार्यच नाही." केस मांडण्याची ही आपली नेहमीची रीत: निदान, तंत्र, तक्रार. त्यावरून मला काहीच कळले नाही. बाईंच्या लेखी संमतीने त्याने सेशन रेकॉर्ड केले होते. मी म्हटले, मधली दहा मिनिटे जशीच्या तशी कागदावर उतरवून आणा. इंग्रजी करू नका, त्या ज्या मराठीत बोलल्या त्याच मराठीत. कागदावर हे होते:

"जाऊ दे, चाललंय आपलं."

"मागच्या वेळचा श्वासाचा व्यायाम केलात?"

"नाही जमलं. रात्री ते हाका मारतात ना. मला कधी कधी वाटतं..."

"हरकत नाही. आज परत एकदा करून बघू या."

ते "मला कधी कधी वाटतं" दहा मिनिटांत तीनदा आले होते आणि तीनदा तिथेच तुटले होते. मला बोट ठेवावे लागले नाही. तो स्वतः मोठ्याने वाचत होता आणि तिसऱ्या वेळी थांबला. "काय वाटत असेल त्यांना?" त्याने मला विचारले. मी म्हटले, मला ठाऊक नाही, त्यांना विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. पुढच्या सेशनमध्ये तो थांबला. बाई बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ते सुटावेत असं वाटतं. आणि लगेच स्वतःची लाज वाटते." व्यायाम त्या करत नव्हत्या यात आता नवल उरले नाही. रात्री जागून हाकेला ओ देणे ही त्यांच्या लेखी त्या विचाराची भरपाई होती. शांत झोप लागणे म्हणजे त्यांना गुन्ह्यासारखे होते. श्वासाचे तंत्र चुकीचे नव्हते, ते फार लवकर आले होते.

त्याच तासात आणखी एक गोष्ट झाली. मी त्या तुटलेल्या वाक्याकडे परत वळले की तो पुढच्या केसची फाइल उघडायचा. बाईंपुढे तो जे करत होता तेच माझ्यापुढे करत होता. क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यातले काहीतरी थेरपिस्ट आणि सुपरव्हायझर यांच्यात उमटते, हे मनोविश्लेषक हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवले आहे. मी ते त्याला सांगितले. तेव्हा कळले की त्याच्याच घरी आजी अंथरुणावर होती. इथे सुपरव्हायझरने थांबायचे असते. त्याच्या आजीबद्दलचे दुःख त्याने स्वतःच्या थेरपीत न्यायचे. माझे काम एवढेच की ते दुःख बाईंचे वाक्य कुठे तोडते आहे ते त्याला दिसावे. जो सुपरव्हायझर तुमचाच थेरपिस्ट बनू पाहतो, त्याच्यापासून सावध राहा. तुम्ही कितीही थकलेले असलात आणि ते कितीही सुखाचे वाटले, तरी.

थेरपिस्टने स्वतः विश्लेषणातून जायचे, सिद्धांत शिकायचा आणि देखरेखीखाली केसेस घ्यायच्या, ही तिहेरी रचना १९२० च्या दशकात बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने पक्की झाली. पुढे कित्येक पद्धती आल्या, गेल्या, पण ही रचना टिकली. ब्रिटनमध्ये समुपदेशकांच्या बीएसीपी या संघटनेच्या मान्यताप्राप्त सदस्याला महिन्याला किमान दीड तास सुपरव्हिजन घ्यावीच लागते, प्रॅक्टिसला तीन वर्षे झालेली असोत की तीस. आपल्याकडे आरसीआयच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना सीआरईचे (निरंतर पुनर्वसन शिक्षणाचे) गुण लागतात, आणि ते परिसंवादात बसून, कार्यशाळांना हजेरी लावून जमतात. ते वाईट नाही. पण त्यात तुमच्या खोलीत काय बोलले गेले हे कोणी विचारत नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने आरसीआयच्या कक्षेबाहेरचे मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकही नियमनाखाली आणायचे ठरवले आहे. ती यंत्रणा पूर्ण उभी राहील तेव्हा राहील. तोपर्यंत आपल्याला आपणच बांधून घ्यायचे आहे.

आता सुपरव्हायझर कसा निवडायचा. तुमच्याच शहरातला असलाच पाहिजे असे नाही. आपल्या बाबतीत बाहेरचा असणे बरेच, कारण त्याला इथली माणसे आडनावावरून ओळखू येणार नाहीत. पुणे, मुंबई, अहमदाबाद, कुठलाही चालेल. भाषा मात्र बघा. आपले क्लायंट घरात मराठी बोलतात, बाजारात गुजराती, नोकरीच्या गोष्टी निघाल्या की हिंदी-इंग्रजी, आणि राग आला की कुठल्या भाषेत जातील ते सांगता येत नाही. हे बदल ज्याच्या कानाला कळतात असा माणूस शोधा. तो स्वतः आजही क्लायंट बघतो का आणि स्वतः कोणाकडे सुपरव्हिजनला जातो का, हे दोन प्रश्न निःसंकोच विचारा. दुसऱ्या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडे जाऊ नका.

तुमचा पगार ज्याच्या हातात आहे तो तुमचा सुपरव्हायझर नसावा. रुग्णालयात किंवा शाळेत नोकरी करणाऱ्यांना हे नेहमी शक्य होत नाही, पण तुम्ही स्वतंत्र आहात तर ही चैन करा. ज्या माणसावर आपले प्रमोशन अवलंबून आहे त्याच्यापुढे "या सेशनमध्ये मला क्लायंटची चीड आली" असे कोणी म्हणत नाही, आणि नेमके तेच बोलायचे असते. नातलग, जुने मित्र, जोडीदार हेही नकोत.

पहिल्याच भेटीत लेखी करार करा. एका पानाचा पुरे: किती वेळा भेटायचे, फी किती, नोंदी कोण ठेवणार, तातडीच्या वेळी फोन करता येईल का, आणि तुमच्या कामात क्लायंटला धोका दिसला तर सुपरव्हायझर काय करणार. हा शेवटचा मुद्दा सगळेच टाळतात. टाळू नका.

क्लायंटला हे ठाऊक हवे. पहिल्या सेशनच्या संमतीपत्रात साध्या भाषेत लिहा की मी माझ्या कामाबद्दल एका वरिष्ठांशी चर्चा करते, नाव-गाव सांगत नाही, आणि तेही गोपनीयतेने बांधलेले आहेत. माझ्या अनुभवात याने लोक बिचकत नाहीत. बहुतेकांना बरे वाटते की ताई एकट्याच्या अकलेवर चालत नाहीत. रेकॉर्डिंगची परवानगी वेगळी घ्या, नाही म्हणण्याची मोकळीक खरी असू द्या, आणि चर्चा झाली की फाइल पुसून टाका.

इथे एका गोष्टीबद्दल मला कडक बोलायचे आहे. व्यावसायिकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "३४ वर्षांची बँकेतली महिला, नवरा परदेशात, दोन मुली, काय करावे?" असे मेसेज फिरतात. नाव घातलेले नसते म्हणून पाठवणाऱ्याला वाटते की गोपनीयता राखली. दोनशे जणांच्या ग्रुपमध्ये त्या बाईंची नणंद असू शकते. असे सल्ले मागणे सुपरव्हिजन नव्हे. कोणी मागितले तर उत्तर देऊ नका, खासगीत त्या व्यक्तीला फोन करा.

महिन्याला एक-दोन वेळा एकेकट्याने सुपरव्हिजन परवडत नसेल तर चार-पाच जणांनी मिळून एका वरिष्ठांना बोलवा. फी वाटली जाते. त्याला जोड म्हणून बरोबरीच्यांचा गट काढा. मायकल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांसाठी जी पद्धत सुरू केली तिचे आजचे रूप अशा गटाला फार उपयोगी पडते: एकाने कागद न बघता केस सांगायची, दोन-चार खुलासे झाले की त्याने खुर्ची मागे सरकवून गप्प ऐकायचे, आणि बाकीच्यांनी उपाय न सुचवता त्या नात्यात काय चालले असेल यावर बोलायचे. गप्प बसणे फार अवघड जाते, म्हणूनच त्यातून शिकायला मिळते. मात्र फक्त बरोबरीच्यांच्या गटावर भिस्त ठेवू नका. मित्र मित्राला सांभाळून घेतात.

कोर्सबद्दल. जाहिरातीतल्या परदेशी संस्थेच्या नावाकडे नंतर बघा, आधी विचारा की कोर्सनंतर काय आहे. शिकवणारे तुमचे रेकॉर्डिंग ऐकणार आहेत का? ठरावीक तासांची सुपरव्हिजन फीमध्ये धरली आहे का? यात कोणी नापास होऊ शकते का? ईएमडीआर या आघातावरच्या उपचारपद्धतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या निकषांत मूलभूत प्रशिक्षणातच १० तासांचे कन्सल्टेशन अनिवार्य आहे, ते उगीच नाही. ज्या कोर्सला हजर राहिले की प्रमाणपत्र मिळते तो माहितीसाठी जरूर करा, पण त्याचे नाव पाटीवर लावू नका. दोन दिवसांत ट्रॉमा थेरपिस्ट होता येत नाही, आणि पाटी वाचून येणारा माणूस त्या शब्दावर विश्वास ठेवून आपल्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र तुमच्यापुढे उघडतो.

एका वेळी एकच पद्धत खोलात शिका, दोन-तीन वर्षे तीच. मराठीत विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची परंपरा मोठी आहे; कि. मो. फडके या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार करून वर्षानुवर्षे शिकत राहिले आणि त्यांनी ती पद्धत मराठीत रुजवली. आपले काम लिहून दूरच्या गुरूपुढे ठेवायचे आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा काम करायचे, हे आपल्या भाषेत नवे नाही. आरसीआयचे अभ्यासक्रमही सध्या बदलत आहेत, तेव्हा कुठल्याही संस्थेला पैसे भरण्यापूर्वी तिची आणि त्या अभ्यासक्रमाची मान्यता परिषदेच्या यादीत स्वतः तपासा. एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

शिकत राहणे म्हणजे नव्या तंत्रांची भर घालत जाणे, असा समज आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते जुने सोडणे. २००१ च्या भूकंपाच्या वेळी डीब्रीफिंगचा जगभर बोलबाला होता: आघातानंतर लगेच लोकांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले ते सविस्तर बोलते करायचे. २००२ मध्ये उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात निष्कर्ष निघाला की एका बैठकीच्या अशा डीब्रीफिंगने पुढचा त्रास टळत नाही, काहींना अपायही होऊ शकतो, आणि सक्तीचे डीब्रीफिंग थांबवावे. आता जागतिक आरोग्य संघटना मानसिक प्रथमोपचाराकडे वळली आहे: सुरक्षितता, अन्न-पाणी, आपल्या माणसांशी गाठ घालून देणे, आणि बोलायचे असेल त्याचे ऐकणे, खोदून विचारणे नाही. जानेवारी २०२४ मध्ये हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक गेले. अशा वेळी सगळे शहर मदतीला धावते, आणि धावावेच. पण आपल्यापैकी जो जुन्या शिकवणीवर अडकला आहे तो चांगल्या मनाने मुलांना तेच तेच पुन्हा सांगायला लावू शकतो. तंत्र कालबाह्य झाल्याचे त्याला कोण सांगणार? ज्याच्याकडे त्याची नियमित ये-जा आहे, तोच.

तसेच समलैंगिकतेचे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच ती आजारांच्या यादीतून काढली, २०१८ मध्ये ती गुन्हा नाही असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 'बदलण्याचे उपचार' हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. तरी आई-वडील मुलाला घेऊन येतात आणि म्हणतात, "याला नीट करा." मुलाला नीट करायचे नसते. त्या आई-वडिलांना घाबरलेल्या अवस्थेत नुसते परत पाठवायचेही नसते. हे दोन्ही एका तासात कसे करायचे याचा सराव सुपरव्हिजनमध्ये, तुम्ही थेरपिस्ट आणि वरिष्ठ वडील बनून, मोठ्याने बोलून करायचा. वाचून येत नाही.

आता बडोद्याचे. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत चार पिढ्या राहिलेली घरे आहेत. गणपतीत, हळदी-कुंकवाला, कार्तिकी एकादशीच्या विठ्ठलनाथजींच्या वरघोड्यात, म्हणजे मिरवणुकीत, तुम्हाला क्लायंट भेटणार. आचारसंहितेत दुहेरी नाती (क्लायंटशी थेरपीबाहेरचे दुसरे नाते) टाळा असे लिहिलेले असते, पण मुंबईसारख्या शहरात जेवढी टाळता येतात तेवढी इथे येत नाहीत. सगळीच टाळायची म्हटली तर निम्म्या मराठी कुटुंबांना दार बंद करावे लागेल, आणि ज्यांना मातृभाषेतच बोलता येते त्यांना जायला दुसरी जागा कमी आहे. म्हणून कुठली नाती चालतील आणि कुठली नाही, याचा विचार आधीच करून ठेवावा लागतो.

मी अशी रेघ ओढली आहे: जिथे माझा त्या घराशी पैशाचा, लग्नसंबंधाचा किंवा रोजच्या उठण्याबसण्याचा संबंध आहे, ती केस मी घेत नाही. "ताई, तुम्हीच बघा ना, घरच्यासारख्या आहात" असे म्हटले जाते तेव्हा घरच्यासारखी आहे हेच नाही म्हणण्याचे कारण असते, आणि ते मी तसेच सांगते. लगेच दोन नावे देते, एक बडोद्यातले, एक ऑनलाइन. नुसत्या तोंडओळखीच्या माणसाला घेते, पण पहिल्या सेशनमध्ये बोलून ठेवते: "बाहेर कुठे दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही हसलात तर मी हसेन. कोणी विचारलं आपण कसे ओळखता, तर उत्तर तुम्ही द्यायचं." हे बोललेले नसेल तर हळदी-कुंकवात समोर आलेली बाई आठवडाभर विचार करत राहते की मी तोंड का फिरवले.

दिवाळीला फराळाचा डबा येतो. मी घेते, सेशनमध्ये उघडपणे, आणि आनंदाने. सोन्याचे नाणे परत करते. मधल्या सगळ्या गोष्टींसाठी, साडी, लग्नाची पत्रिका, मुलाच्या अॅडमिशनसाठी शब्द टाकण्याची विनंती, यांसाठी मी एकटीने निर्णय घेत नाही. "सुपरव्हायझरला विचारून सांगते" असे मनाशी म्हणायची सवय असली की नकार लगेच आणि कोरडा द्यावा लागत नाही आणि होकारही भिडेपोटी जात नाही. पत्रिकेबाबत माझा कल न जाण्याकडे असतो. पण एकट्या, कुटुंबाने टाकलेल्या मुलीच्या रजिस्टर लग्नाला तिच्या बाजूने कोणी नसेल, तर तो वेगळा विचार आहे आणि तो दोघांनी मिळून करण्याजोगा आहे.

गुजरातेत असल्यामुळे एक प्रश्न आपल्याला महाराष्ट्रातल्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त पडतो: दारूबंदी. इथे परवान्याशिवाय पिणे हा गुन्हा आहे, त्यामुळे पिणारा माणूस आपल्यापुढेही खरे सांगायला कचरतो, आणि घरचे तर सरळ "अॅसिडिटी आहे" म्हणतात. अशांना आधी कायद्याचे आश्वासन द्या, आणि ते खरे असेल तेवढेच द्या. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था येतात आणि कलम २३ प्रमाणे त्यांची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. पण अशिलाने वकिलाला सांगितलेल्या गोष्टीला साक्षीच्या कायद्यात जे संरक्षण आहे ते आपल्याकडे बोललेल्या गोष्टीला नाही. न्यायालयाने बोलावले तर जावे लागते, नोंदी मागितल्या तर द्याव्या लागतात. म्हणून नोंदीत उपचाराला लागते तेवढेच लिहा: किती, किती दिवसांपासून, सोडताना हात थरथरतात का, फिट आली होती का. बाटली कोणाकडून येते हे उपचाराला लागत नाही. खोटे मात्र कधीच लिहू नका, आणि लिहिलेले मागाहून बदलू नका.

मुलांच्या बाबतीत कायदा याच्या उलट दिशेला आहे. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम २१ खाली न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सतरा वर्षांची मुलगी बॉयफ्रेंडबद्दल मोकळेपणी सांगू लागते तेव्हाही कायदा तिची संमती मानत नाही. म्हणून गोपनीयतेची ही मर्यादा तिने काही सांगण्यापूर्वी, पहिल्या दहा मिनिटांत, तिला समजेल अशा शब्दांत सांगायची. सांगितल्यावर ती गप्प झाली तरी चालेल. फसवून बोलते केल्यावर तिचा विश्वास कायमचा जातो. असा प्रसंग आला की त्याच दिवशी सुपरव्हायझरला फोन, आणि वकिलाचा सल्ला. पुढच्या भेटीची वाट बघायची नाही. प्रौढ व्यक्तीने लहानपणीचे सांगितले तर काय, हा गुंतागुंतीचा प्रश्न आहे आणि त्यावरही एकट्याने निर्णय घेऊ नका.

आत्महत्येच्या धोक्याबाबत फारसे लिहीत नाही, तुम्ही ते शिकला आहात. एवढेच की आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा होईल म्हणून घरचे रुग्णालयात खोटे सांगतात, त्यांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ समजावून सांगा: प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे कायदाच गृहीत धरतो. कारेलीबागचे मानसिक आरोग्य रुग्णालय, सयाजी रुग्णालयाचा मनोविकार विभाग आणि तुमच्या भरवशाचे एक मनोविकारतज्ज्ञ यांचे नंबर फोनमध्ये आणि भिंतीवर हवेत. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्लायंटला लिहूनच द्या. पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेत असाल, आणि घ्याच, तर नववा प्रश्न क्लायंट खोलीत असतानाच वाचा. तो स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो, आणि संध्याकाळी फाइल लावताना वाचून काही उपयोग नाही.

सुरुवात कशी करायची असे विचाराल, तर या महिन्यात एवढे करा. सुरळीत चाललेल्या केसमधले एक सेशन निवडा, अवघड केस नको. संमती घेऊन रेकॉर्ड करा, दहा मिनिटे शब्दशः उतरवा, थांबलेल्या जागा सेकंदांत लिहा. प्रत्येक वाक्यापुढे समासात आपल्याला त्या क्षणी काय वाटत होते ते पेन्सिलीने लिहा. मग ज्यांची नावे मनात आहेत त्या दोघा-तिघांना फोन करून एक एक भेट मागा, तोच कागद तिघांनाही दाखवा, आणि ज्यांच्याकडून परतताना तुम्हाला त्या क्लायंटला पुन्हा भेटण्याची उत्सुकता वाटेल त्यांच्याशी करार करा. फी जास्त वाटली तर स्पष्ट बोला. धाकट्या सहकाऱ्यांसाठी कमी करणारे वरिष्ठ पुष्कळ आहेत. कोणीच जुळले नाही तर मला कळवा, मी दुसऱ्या शहरातली नावे देते. मी स्वतः तुमची सुपरव्हायझर होऊ शकणार नाही, कारण आपण एकाच गल्लीतून जातो-येतो आणि तुमचे काही क्लायंट माझ्या ओळखीचे निघतील.